शुश्रूषा आणि आमिष



आजारी माणसाची सेवा करताना आपल्याला नेमकं काय हवं असतं? ‘तो बरा व्हावा, दुसरं काय?’ असं कुणीही सांगेल. मीही हेच सांगितलं असतं. पण गेल्या काही महिन्यांत माझ्या मुलीच्या गुडघ्याने मला या उत्तराचा पुन्हा विचार करायला लावला. वर्षावास संपत आला आहे. या काळात आपण सगळे दर रविवारी ऑनलाइन ग्रंथवाचनाला बसलो. त्या वाचनातून आणि घरातल्या अनुभवातून जे उमगलं, ते आपल्यापुढे ठेवतो.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. इथे न्यू जर्सीत तिच्या हायस्कूलच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड म्हणून खेळते. चेंडू पुढे घेऊन जायचा आणि डाव मांडायचा, हे तिचं काम. गेल्या डिसेंबरात, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, ती वेगाने धावत आली, एका पायावर थांबली, दिशा बदलायला वळली आणि तिथेच खाली बसली. कुणी धक्का मारला नव्हता. पाय घसरला असेल, असं मला वाटलं. तिला मात्र गुडघ्याच्या आत काहीतरी तुटल्याचं स्पष्ट जाणवलं होतं. एमआरआय झाला. अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, ते पूर्ण फाटलं होतं.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या मध्यभागी तिरकं बांधून ठेवणारा हा एक जाड दोर असतो. सरळ चालायला त्याच्यावाचून फारसं अडत नाही. पण धावता धावता वळायचं, उडी मारून एका पायावर उतरायचं, तर त्याच्याशिवाय गुडघा दगा देतो. बास्केटबॉल म्हणजे याच दोन गोष्टी. ही दुखापत बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागताच होते, आणि खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये तिचं प्रमाण बरंच जास्त आहे. फाटलेला दोर खेळण्याइतका आपोआप जुळून येईल, यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून शरीरातलीच दुसरी कंडरा काढून त्या जागी बसवतात. मुलीच्या बाबतीत ती गुडघ्याच्या वाटीखालून घेतली. सूज उतरून पाय सरळ होईपर्यंत थांबले आणि जानेवारीच्या शेवटी शस्त्रक्रिया केली.

त्या दिवसांत ओळखीच्या एक काकू डबा घेऊन आल्या. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “काय करणार, मागच्या जन्मीचं काहीतरी असतं.” त्यांच्या मनात मायाच होती, म्हणून मी वाद घातला नाही. पण मुलीने त्या गेल्यावर विचारलं, “बाबा, म्हणजे ही माझी चूक आहे का?”

आपल्या घरात या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली आहे. माणसाच्या दुःखाचं कारण त्याच्याच मागच्या जन्मात टाकलं, की समाजाची आणि राज्याची जबाबदारी संपते, हे त्यांनी नेमकं दाखवून दिलं. पाली साहित्यातही मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना असाच प्रश्न विचारल्याची नोंद आहे. पित्त, कफ, वात, ऋतूतला बदल, शरीराची नीट निगा न राखणं, बाहेरून झालेला आघात अशी अनेक कारणं भगवंतांनी त्याला मोजून दाखवली. जे काही भोगतो ते सगळं पूर्वीच्या कर्मामुळेच, असं म्हणणारे चुकतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मी मुलीला म्हणालो, “तुझी चूक नाही.” पण मग कारणं याच जन्मात आणि याच घरात शोधायला हवीत. ती शोधताना मला आठवलं, की ती त्या महिन्यात शाळेच्या संघाबरोबर एका क्लबचाही सराव करत होती. आठवड्यातले सहा दिवस. शनिवारी ती एकदा म्हणाली होती, “आज नको.” मी म्हणालो होतो, “पैसे भरलेत.” दुखापत थकव्यामुळेच झाली, असं कुठलाही डॉक्टर ठामपणे सांगणार नाही. पण ‘आज नको’ हे शब्द मी ऐकून सोडून दिले होते, एवढं खरं.

पुढचा काळ तुमच्यापैकी अनेक पालकांच्या ओळखीचा असेल. कुबड्या, ब्रेस, बर्फाच्या पिशव्या, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं: नऊ महिन्यांच्या आत खेळ नाही. आत बसवलेली कंडरा पहिल्या काही महिन्यांत आधी कमकुवत होते आणि मग हळूहळू नव्या जागी रुळते. वेदना त्याच्या कितीतरी आधी कमी होतात. म्हणजे दुखायचं थांबलं तरी गुडघा तयार झालेला नसतो. लवकर परतणाऱ्या खेळाडूंमध्ये तो पुन्हा फाटण्याचा धोका बराच मोठा असतो.

हे सगळं मी मान डोलावत ऐकलं. आणि घरी येऊन फ्रिजवरच्या कॅलेंडरवर जुलै महिन्यातल्या एका स्पर्धेभोवती लाल पेनाने गोल काढला. जुलैत क्लबांच्या मोठ्या स्पर्धा होतात आणि त्या पाहायला कॉलेजांचे प्रशिक्षक येतात. अकरावीत जाणाऱ्या मुलीसाठी तो उन्हाळा महत्त्वाचा. तोवर साडेपाच महिने होणार होते. मी मनाशी म्हणालो, बघू, काही मुलं लवकर बरी होतात.

जूनमधली गोष्ट. फिजिओ दर वेळी सुरुवातीला एकच प्रश्न विचारायची: दुखणं किती, शून्य ते दहा? मी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असे. मुलगी सांगायची, शून्य. कधी एक. त्यानुसार उड्यांचे व्यायाम वाढत गेले. एके दिवशी फिजिओ मला म्हणाली, “आज तुम्ही बाहेर बसाल का?” मी बाहेर बसलो. परत येताना गाडीत मुलगी गप्प होती. सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाली, “बाबा, मी आज चार सांगितलं.”

“आज जास्त दुखलं का?”

“नाही. रोज चारच असतं.”

पहिल्यांदा मला राग आला. लहानपणापासून पंचशील म्हणणारी मुलगी स्वतःच्या शरीराबद्दल, ज्या बाईच्या हातात तिचा गुडघा आहे तिच्याशी खोटं बोलते! चौथं शील कुठे गेलं? मी तसं बोललोही. ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही ‘दुखतं का’ असं विचारता, तेव्हा माझ्याकडे बघतच नाही. फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघता.”

मला उत्तर सुचलं नाही. घरी येईपर्यंत दोघंही बोललो नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. आपण तो अनेकदा ऐकला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. भगवंत आनंदासह तिथे आले. त्यांनी विचारलं, तुझी सेवा करायला कुणी नाही का? का नाही? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझी सेवा करत नाहीत. भगवंतांनी आनंदाकरवी पाणी आणवलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवलं. मग संघाला सांगितलं, की तुमची काळजी घ्यायला इथे तुमचे आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची घेतली पाहिजे. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

ही गोष्ट सांगताना आपण सहसा इथे थांबतो. पण त्याच ठिकाणी पुढे चांगला रुग्ण कोण आणि चांगला सेवक कोण, याची प्रत्येकी पाच लक्षणं दिली आहेत. रुग्णाच्या लक्षणांमध्ये एक असं आहे: सेवा करणाऱ्याला तो आपलं दुखणं आहे तसं सांगतो, वाढलं तर वाढलं म्हणून, कमी झालं तर कमी झालं म्हणून, तसंच असेल तर तसंच म्हणून. माझी मुलगी या कसोटीला उतरत नव्हती, हे उघड होतं. पण सेवकाच्या लक्षणांकडे वळलो, तेव्हा माझीच मान खाली गेली. तो औषध तयार करू शकतो, पथ्य काय आणि अपथ्य काय हे जाणतो, घाणीची किळस करत नाही, वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून रुग्णाला धीर देतो. या चारांत मी बरा होतो. गाडी चालवली, बर्फ बांधला, गोळ्यांची वेळ पाळली. पाचवं लक्षण मात्र असं: तो मैत्रीपूर्ण चित्ताने सेवा करतो, आमिषासाठी नाही.

आमिष हा शब्द पालीत आहे आणि मराठीतही. आपल्याकडे गळाला लावतात ते आमिष. नर्सला पैशाचं आमिष असू शकतं, वारसाला इस्टेटीचं. बापाला कसलं आमिष? मी प्रामाणिकपणे शोधलं, तेव्हा यादी लहान नव्हती. कॉलेजची शिष्यवृत्ती होती. तिच्या खेळाचे व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकल्यावर येणारे अंगठे होते. आणि या सगळ्याच्या खाली अजून एक गोष्ट होती. ती सांगायला थोडं अवघड वाटतं, कारण ती वाईट नाही.

माझ्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांकडून दीक्षा घेतली. त्याआधीच्या आयुष्यात गावच्या तालमीत त्यांना पाऊल ठेवता येत नव्हतं. खेळाच्या मैदानावरही आपल्या माणसांना काय वागणूक मिळाली, हे पालवणकर बाळू यांच्या आयुष्यावरून दिसतं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण त्याआधी पुण्यात ज्या संघाला ते सामने जिंकून देत होते, त्याच संघातले सहकारी आत बसून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. हा इतिहास माहीत असलेल्या बापाची मुलगी अमेरिकेतल्या कोर्टवर चेंडू पुढे नेते आणि बाकीच्या चौघी तिच्या इशाऱ्यावर जागा घेतात, तेव्हा त्या बापाला काय वाटत असेल, हे या पत्रिकेच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

हा अभिमान चुकीचा आहे, असं मला आजही वाटत नाही. मुलांनी मोठं व्हावं म्हणून झटायला बाबासाहेबांनीच शिकवलं. सिगालोवाद सुत्तात आई-वडिलांच्या कर्तव्यांमध्ये मुलांना विद्या-कौशल्य शिकवणं हे एक कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. पण मुलांना पुढे करणं आणि मुलं पडल्यावर त्यांची सेवा करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामातली आकांक्षा दुसऱ्या कामात शिरली, की तिचं आमिष होतं. तीन पिढ्यांचा हिशेब त्या एका गुडघ्यावर ठेवला, की मुलीला ‘चार’ म्हणता येत नाही. तिला वाटतं, आपण ‘चार’ म्हटलं तर फक्त आपलं दुखणं सांगत नाही, सगळ्यांची निराशा करतो. त्या आजारी भिक्खूला उपयोगाचा नाही म्हणून कुणी पाहत नव्हतं. माझी मुलगी उपयोगाची राहावी म्हणून दुखणं लपवत होती. दोन्हीकडे सेवेला उपयोगाची अट चिकटलेली आहे.

हे फक्त खेळणाऱ्या मुलांपुरतं नाही. परदेशात राहणारे आपण सगळे भारतातल्या आई-वडिलांना फोनवर विचारतो, “तब्येत बरी आहे ना?” त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं. माझी आई नागपूरला घरात पडली, हे मला दोन महिन्यांनी शेजाऱ्यांकडून कळलं. विचारलं तर म्हणाली, “तू तिकडे उगाच घोर करतोस.” मी रोज फोन करत होतो. पण मला तिची तब्येत जाणून घ्यायची होती, की इथे निवांत झोप यावी म्हणून ‘बरी आहे’ हे दोन शब्द हवे होते? माझ्या झोपेची काळजी आई करत होती. सेवा कोण कुणाची करत होतं?

मग उपाय काय? मनातून सगळं काढून टाकून तटस्थ व्हायचं का? काही जण उपेक्षा या शब्दाचा असाच अर्थ घेतात. मराठीत तर उपेक्षा म्हणजे दुर्लक्षच. पण धम्मातली उपेक्षा ही मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या सोबतीला येते. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात एका आईचा दाखला दिला आहे. तिला चार मुलगे आहेत: एक लहान, एक आजारी, एक ऐन तारुण्यातला, एक आपल्या कामात गुंतलेला. लहान वाढावा, आजारी बरा व्हावा, तरुणाचं तारुण्य टिकावं, असं तिला वाटतं. आणि जो आपल्या कामात आहे त्याच्यासाठी ती जीव टांगणीला लावत नाही. आई एकच, प्रेमही तेच. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांचा संबंध असा आहे. याच ग्रंथात एक सावधगिरीही सांगितली आहे: अज्ञानातून आलेली बेपर्वाई उपेक्षेसारखी दिसते आणि घरगुती शोक करुणेसारखा दिसतो. दोन्ही जवळचे शत्रू आहेत, कारण ते ओळखू येत नाहीत.

माझ्या घरात ही चारही मुलं एकाच मुलीत आहेत. ती अजून लहान आहे, आजारी आहे, तारुण्यात पाऊल टाकते आहे, आणि तिचं स्वतःचं काम आहे. गुडघा बरा करणं हे तिचं काम आहे. माझ्याकडून चूक अशी झाली, की आजारी मुलीवर करुणा करायच्या वेळी मी तिच्या कामातही हात घातला.

त्या आठवड्यात मी लाल गोल केलेलं कॅलेंडर फ्रिजवरून काढलं आणि मुलीजवळ बसलो. विचारलं, “तुला जुलैत खेळायचंय का?”

ती म्हणाली, “तुम्हाला काय वाटतं?”

“तू पुढे कधीच खेळली नाहीस, तरी चालेल.”

“खरंच?”

इथे ‘हो’ म्हणणं सोपं होतं. पण तोही मुसावादच झाला असता. मी थोडा वेळ थांबून म्हणालो, “मला वाईट वाटेल. बरंच वाटेल. पण ते माझं दुखणं आहे. ते मी सांभाळीन, तुझ्या गुडघ्यावर ठेवणार नाही.”

ती जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग फिजिओच्या आवाजात म्हणाली, “तुमचं किती, शून्य ते दहा?”

मी म्हणालो, “सहा.” डिसेंबरनंतर ती पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

जुलैतली स्पर्धा तिने बाकावर बसून पाहिली. मैत्रिणींना पाणी दिलं, दुसऱ्या संघाचे डाव वहीत लिहून घेतले. कॉलेजांचे प्रशिक्षक आले आणि गेले. फिजिओने उड्या कमी केल्या, मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद वाढवण्यावर भर दिला. दुसऱ्या पायाच्या तुलनेत ती ताकद निदान नव्वद टक्के झाली पाहिजे, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. अजून ती तिथे पोहोचलेली नाही. नऊ महिने पूर्ण होऊन सगळ्या चाचण्या झाल्यावर ती डिसेंबरात कोर्टवर उतरेल की नाही, हे आज सांगता येत नाही. मी खोलीच्या बाहेर बसतो. आता कधीकधी तीच आत बोलावते.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते. त्या वेळी भिक्खू पवारणा करतात. माझ्या वागण्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. वडीलधारे भिक्खूही करतात. आपण गृहस्थांनी ही प्रथा घरात आणायला काय हरकत आहे? माझ्या मुलीने सिग्नलला थांबलेल्या गाडीत माझा दोष मला सांगितला, तोही मी विनंती न करता. पुढच्या वेळी तिला इतके महिने वाट पाहावी लागू नये, म्हणून यंदा पौर्णिमेला वंदनेनंतर मी तिला आणि फोनवरून आईला हीच विनंती करणार आहे.

शेवटी एक लहानशी गोष्ट. आजाऱ्याच्या सेवेला आपण शुश्रूषा म्हणतो. हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ आहे, ऐकण्याची इच्छा. औषधपाणी, उशी, गरम पेज हे सगळं त्यानंतरचं. समोरचा माणूस ‘चार’ म्हणेल, तर ते ‘चार’ ऐकायची आपली तयारी आहे का, एवढं आधी स्वतःला विचारू या.

भवतु सब्ब मंगलं.